८७ दिवसांचं युद्ध, ४९ वर्षांचे हप्ते

३ मार्च १८६१ रोजी सेंट पीटर्सबर्गमध्ये झार दुसरा अलेक्झांडर याने एका जाहीरनाम्यावर सही केली आणि सुमारे २ कोटी ३० लाख भूदास, म्हणजे जमिनीला बांधलेली माणसं, निदान कागदावर तरी, जमीनदारांच्या मालकीतून सुटली. दुसऱ्या दिवशी, ४ मार्चला, वॉशिंग्टनमध्ये अब्राहम लिंकन यांनी अध्यक्षपदाची शपथ घेतली आणि पहिल्याच भाषणात दक्षिणेतल्या मळेवाल्यांना ग्वाही दिली, की जिथे गुलामगिरी आहे तिथे तिला हात लावायचा आपला इरादा नाही. त्या वेळी अमेरिकेत गुलाम होते ३९,५३,७६०. एवढंच नव्हे, तर गुलामगिरीत केंद्र सरकारने कधीच ढवळाढवळ करू नये अशी एक घटनादुरुस्ती काँग्रेसच्या दोन्ही सभागृहांनी त्याच सुमारास मंजूर केली होती. राज्यांनी ती मान्य केली असती, तर अमेरिकेची तेरावी घटनादुरुस्ती गुलामगिरीला कायमचं संरक्षण देणारी ठरली असती. उत्तर आणि दक्षिण यांच्यात यादवी युद्ध पेटलं आणि ती तशीच पडून राहिली. चार वर्षांनी जी तेरावी दुरुस्ती आली, ती नेमकी उलटी.

एकहाती सत्तेचा झार लोकांना मोकळं करतो आणि निवडून आलेला अध्यक्ष मळेवाल्यांची समजूत काढतो, हा योगायोग इतिहासकारांना फार आवडतो. मला त्याहून त्यातले हिशेब जास्त ओढतात. दोन्ही देशांनी माणसं सोडवताना वह्या उघडल्या होत्या, आणि त्या वह्यांतले आकडे असे आहेत की पुन्हा पुन्हा बेरीज करून बघावीशी वाटते.

आधी आकार. १८६४ च्या शिरगणतीत मुंबईची लोकसंख्या ८,१६,५६२ भरली होती. अमेरिकेतले गुलाम म्हणजे अशा जवळपास पाच मुंबया. रशियातले भूदास म्हणजे अठ्ठावीस. शिवाय रशियाच्या या आकड्यात सरकारी जमिनीवरचे शेतकरी धरलेले नाहीत. त्यांची संख्या साधारण तेवढीच होती आणि त्यांच्यासाठी १८६६ मध्ये वेगळा कायदा झाला.

ही मोजणी कशी व्हायची हेही बघण्यासारखं आहे. रशियात करासाठी फक्त पुरुष मोजत. बाया हिशेबात नाहीत. एक मोजणी झाली की पुढची होईपर्यंत, म्हणजे कधी पंधरा-वीस वर्षं, मेलेला माणूसही कागदावर जिवंत राहायचा आणि त्याचा कर भरावा लागायचा. गोगोलच्या १८४२ च्या कादंबरीतला नायक अशी मेलेली माणसं विकत घेत फिरतो. त्या विनोदाच्या मुळाशी सरकारी नियमच आहे. अमेरिकेत गुलामांची खानेसुमारी वेगळ्या तक्त्यावर होई. तिथे मालकाचं नाव असे, खाली गुलामाचं वय, लिंग आणि रंग. गुलामाचं नाव लिहायला बहुतेक ठिकाणी जागाच नव्हती. मात्र काँग्रेसच्या प्रतिनिधिगृहातल्या जागा वाटताना प्रत्येक गुलाम तीन-पंचमांश माणूस धरला जाई. १८६० च्या आकड्याला हे गणित लावलं तर मत नसलेल्या चाळीस लाख लोकांच्या जिवावर दक्षिणेला २३ लाख ७२ हजार जास्तीच्या लोकसंख्येचं वजन मिळत होतं.

मालकांची संख्या पाहिली की दोन्ही व्यवस्थांमधला फरक उघड होतो. अमेरिकेत गुलामांचे मालक ३ लाख ९० हजारांच्या वर. म्हणजे सरासरी एका मालकामागे दहा गुलाम. जवळपास निम्मे गुलाम वीसपेक्षा कमी माणसं असलेल्या मालकांकडे होते. रशियात जमीनदार लाखभर आणि भूदास सव्वादोन कोटींच्या वर. सरासरी दोनशे वीस. तीही फसवी, कारण दर पाचांपैकी चार भूदास बड्या जमीनदारांच्याच गावांत होते. काउंट शेरेमेत्येव यांच्या एकट्याच्या घराण्याकडे सुमारे तीन लाख भूदास होते. अमेरिकेतली सर्वांत मोठी मालकी धरली जाते ती साउथ कॅरोलायनातल्या वॉर्ड यांच्या भातशेतीची, आणि तिथे १८६० मध्ये गुलाम होते अकराशेच्या आसपास.

या सरासरीतून माणसांची आयुष्यं ठरली. दहा गुलामांचा मालक रोज सकाळी अंगणात उभा असतो. दहा हजार भूदासांचा मालक पीटर्सबर्गला किंवा पॅरिसला असतो. गावात असतो त्याचा कारभारी. रशियन भूदासाला फटके पडत, त्याला पंचवीस वर्षांच्या लष्करी चाकरीवर धाडलं जाई, सायबेरियाला पाठवलं जाई, पण गाव गावाच्या जागी राही. तिथली गावसभा, मीर, जमिनीची वाटणी करी, कर गोळा करी, भांडणं मिटवी. अमेरिकन गुलामाला असं गावही नव्हतं. १७९० ते १८६० या काळात सुमारे दहा लाख गुलाम व्हर्जिनिया-मेरिलँडकडून खाली कापसाच्या मुलखात हलवले गेले, त्यांतले पुष्कळ बाजारात विकून. नवरा एका राज्यात, बायको दुसऱ्या, मुलं तिसऱ्या.

एका माणसाची किंमत किती? चेखव यांच्या आजोबांनी १८४१ मध्ये ३,५०० रुबल मोजून स्वतःचं कुटुंब जमीनदाराकडून सोडवून घेतलं. तारास शेवचेन्को या युक्रेनी कवीसाठी १८३८ मध्ये २,५०० रुबल लागले. एका चित्राची सोडत काढून ते उभे केले गेले. मेरिलँडमधून पळालेले फ्रेडरिक डग्लस इंग्लंडमध्ये भाषणं देत असताना तिथल्या स्नेह्यांनी वर्गणी काढून १८४६ मध्ये त्यांना कायदेशीररीत्या मोकळं केलं: ७११ डॉलर ६६ सेंट. गुलामगिरीच्या काही कट्टर विरोधकांना हा व्यवहार पटला नाही. माणूस विकत घेऊन सोडणं म्हणजे माणूस विकण्याजोगा असतो हे कबूल करणंच, असं त्यांचं म्हणणं. युक्तिवाद चोख आहे, पण तो करणाऱ्यांच्या मागावर कुणी नव्हतं.

डग्लस सुटले त्यानंतरच्या चौदा वर्षांत बाजार कुठल्या कुठे गेला. न्यू ऑर्लिन्समध्ये शेतात राबणाऱ्या तरण्या गुलामाचा भाव दुपटीहून वर चढून १८६० मध्ये १,८०० डॉलरच्या आसपास पोचला. लहान मुलं, म्हातारे, बायका सगळे धरून सरासरी आठशेच्या वर. चाळीस लाख माणसांची एकूण बाजारकिंमत त्यामुळे सव्वातीन ते साडेतीन अब्ज डॉलर होते. त्या वर्षी अमेरिकेत तीस हजार मैल लोहमार्ग होता आणि त्यात गुंतलेलं भांडवल एक अब्जाहून थोडं अधिक. सगळ्या कारखान्यांतलं भांडवल सुमारे एक अब्ज. दोन्ही मिळून सव्वादोन अब्ज होतात. म्हणजे देशातले सगळे रूळ, इंजिनं, गिरण्या, भट्ट्या एका पारड्यात घातल्या तरी माणसांचं पारडं खालीच राहायचं.

रशियातलं चित्र उलटं होतं आणि माझ्या मते सगळा फरक इथे पडला. १८५९ पर्यंत दर तीन भूदासांपैकी दोन सरकारी पतसंस्थांकडे गहाण पडले होते. जमीनदारांनी त्यांच्यावर कर्जं काढून सुमारे ४२.५ कोटी रुबल उडवले होते. तारण माणसांचं, सावकार सरकार. क्रिमियाच्या युद्धात मार खाल्लेल्या झारने १८५६ मध्ये मॉस्कोच्या सरदारांना बजावलं, की ही प्रथा खालून मोडायची वाट बघण्यापेक्षा वरून मोडलेली बरी. तेव्हा समोर बसलेले बहुतेक जण त्याचे कर्जदार होते. कर्जदाराला आवाज चढवता येत नाही. अमेरिकेतला मळेवाला मात्र दरवर्षी श्रीमंत होत होता; त्याचं भांडवल चालतं-बोलतं होतं, त्याला मुलं होत होती आणि ती मुलंही भांडवलात जमा होत होती. अशा माणसाला विकायला कोण राजी करणार?

लिंकन यांनी प्रयत्न केला, आणि तो हिशेब अमेरिकेच्या इतिहासातला सर्वांत विलक्षण कागद असावा. डेलावेअर या चिमुकल्या राज्यात गुलाम होते फक्त १,७९८. प्रत्येकी ४०० डॉलर धरले तर ७,१९,२०० डॉलरमध्ये एक अख्खं राज्य मोकळं होत होतं. १४ मार्च १८६२ रोजी कॅलिफोर्नियाचे सिनेटर मॅक्डूगल यांना लिहिलेल्या पत्रात लिंकन यांनी मांडलं, की युद्धाचा खर्च दिवसाला वीस लाख डॉलर आहे, तेव्हा डेलावेअरचे सगळे गुलाम अर्ध्या दिवसाच्या खर्चातही बसतात. (भागाकार केला तर साडेआठ तास भरतात.) पुढे त्यांनी डेलावेअर, मेरिलँड, केंटकी, मिसुरी आणि राजधानीचा जिल्हा असे सगळे मिळून ४,३२,६२२ गुलाम मांडले. चारशेच्या दराने रक्कम १७,३०,४८,८०० डॉलर. समोर ८७ दिवसांच्या युद्धाचा खर्च: १७ कोटी ४० लाख. या राज्यांनी हे पाऊल उचललं तर युद्ध ८७ दिवसांनी तरी आखूड होईलच, असा त्यांचा सरळ सवाल होता.

वकिली पेशातल्या माणसाचा हा हिशेब आहे आणि त्यात खोट काढणं अवघड आहे. तरी डेलावेअरने नकार दिला. सीमेवरच्या राज्यांच्या बहुतेक प्रतिनिधींनीही दिला. फक्त राजधानीच्या जिल्ह्यात, जिथे काँग्रेसचा थेट अंमल होता, एप्रिल १८६२ मध्ये तीन हजारांच्या आसपास गुलाम सरासरी जास्तीत जास्त ३०० डॉलर भरपाई देऊन सोडवले गेले. भरपाई अर्थातच मालकांना. सुटलेल्यांसाठीही एक लाख डॉलर बाजूला काढले होते. ते देश सोडून हैतीला किंवा लायबेरियाला जायला तयार असतील तर माणशी शंभर डॉलरपर्यंत.

हाच दर सगळ्या देशाला लावून बघू. ३९,५३,७६० गुणिले ४०० म्हणजे १ अब्ज ५८ कोटी डॉलर; रोजच्या वीस लाखांच्या हिशेबाने ७९१ दिवसांचं युद्ध. प्रत्यक्षात फोर्ट समटरवरच्या पहिल्या तोफेपासून दक्षिणेचे सेनापती ली यांच्या शरणागतीपर्यंत युद्ध चाललं १,४५८ दिवस. अर्थतज्ज्ञ क्लॉडिया गोल्डिन (पुढे नोबेल मिळालेल्या) आणि फ्रँक लुईस यांनी १९७५ मध्ये दोन्ही बाजूंचा थेट खर्च मोजला तो सुमारे ६.६ अब्ज डॉलर भरला. त्यात सगळे गुलाम बाजारभावाने विकत घेता आले असते, प्रत्येक कुटुंबाला चाळीस एकर आणि खेचर देता आलं असतं, आणि तरी अब्जावधी उरले असते. पण हे गणित मागे वळून करायचं आहे. १८६१ मध्ये युद्ध नव्वद दिवसांत संपेल असं दोन्हीकडच्यांना वाटत होतं, आणि विकत घ्यायला कुणी तयार असला तरी विकायला कुणी नव्हतं.

माणसांचा खर्च वेगळा. मृतांचा जुना आकडा ६ लाख २० हजार. २०११ मध्ये जे. डेव्हिड हॅकर यांनी जनगणनांच्या तुलनेतून तो साडेसात लाखांच्या आसपास नेला. जुनाच धरला तरी दिवसाला सव्वाचारशे मृत्यू, १,४५८ दिवस. सहा-साडेसहा गुलाम सुटले त्यामागे एक सैनिक मेला. देशाच्या लोकसंख्येचे दोन टक्के. आजच्या भारताला तेच प्रमाण लावलं तर २ कोटी ८० लाख. मेलेल्यांत सुमारे चाळीस हजार काळे सैनिक होते. उत्तरेच्या लष्करात पावणेदोन लाखांहून जास्त काळे सैनिक भरती झाले होते, त्यांतले बरेचसे कालपरवापर्यंत गुलाम असलेले. युद्धाआधी माणशी हजार-पंधराशे डॉलर भावाची ही मालमत्ता मालकावर बंदूक रोखून उभी होती.

रशियात असं युद्ध झालं नाही. जवळपास सहापट माणसं सुटली, ती सहीने. मग खर्च कुठे गेला? तो हप्त्यांत गेला.

शेतकऱ्यांनी जमीन हप्त्यांनी विकत घेण्याची ही योजना मी पहिल्यांदा वाचली तेव्हा घरकर्जाचा कागद वाचतोय असं वाटलं. समजा एक शेतकरी जमीनदाराला वर्षाला दहा रुबल खंड देत होता. सरकारने विचारलं, किती मुद्दलावर सहा टक्क्यांनी वर्षाला दहा रुबल व्याज येईल? उत्तर १६६ रुबल ६७ कोपेक. ही झाली त्याच्या वाट्याच्या जमिनीची किंमत. यातले ऐंशी टक्के, १३३ रुबल ३३ कोपेक, सरकार जमीनदाराला रोख्यांत देणार. उरलेले तेहतीस शेतकऱ्याने जमीनदाराला परस्पर द्यायचे. आणि सरकारने भरलेल्या रकमेवर सहा टक्के, म्हणजे आठ रुबल, शेतकऱ्याने दरवर्षी खजिन्यात भरायचे. ४९ वर्षं. आठ गुणिले एकोणपन्नास ३९२, वरचे तेहतीस मिळून सव्वाचारशे रुबल.

मेख पहिल्या ओळीतच आहे. उत्तरेकडच्या नापीक प्रांतांत हा दहा रुबल खंड जमिनीतून येतच नव्हता. शेतकरी हिवाळ्यात शहरात सुतारकाम, गवंडीकाम, गाडीवानी करून तो कमावत होता. म्हणजे जमिनीच्या नावाखाली किंमत लावली गेली ती त्याच्या हातांची. माणसाची विक्री बंद झाली असं जाहीरनामा सांगत होता, आणि माणूस स्वतःला विकत घेत होता. एकूण आकड्यांत हे लखलखीत दिसतं: शेतकऱ्यांना मिळालेल्या जमिनीचा बाजारभाव सुमारे ५४.४ कोटी रुबल, त्यांच्यावर लादलेली किंमत ८६.७ कोटी. नापीक उत्तरेत ही किंमत बाजारभावाच्या दुपटीहून जास्त होती. पश्चिमेकडे, जिथे पोलिश जमीनदारांच्या बंडानंतर झारला शेतकऱ्यांना खूश ठेवायचं होतं, तिथे जवळपास बाजारभावाइतकीच.

सरकारने जमीनदारांच्या नावे जे रोखे काढले, त्यांतून आधी जुनी कर्जं वळती करून घेतली. पहिल्या दहा वर्षांत निम्म्याच्या जवळपास रक्कम अशी परत खजिन्यातच आली. सावकार सरकार, मध्यस्थ सरकार, वसुलीदारही सरकार.

मिळाली ती जमीन किती? सुमारे एक कोटी पुरुषांना ३ कोटी ४० लाख देस्यातिनांच्या आसपास, माणशी नऊ एकरांच्या घरात. चौरस किलोमीटरमध्ये मोजलं तर आजच्या महाराष्ट्रापेक्षाही मोठा मुलूख होतो. इतिहासात इतकी जमीन इतक्या शेतकऱ्यांकडे एका कायद्याने क्वचितच गेली असेल, हे मान्यच करायला हवं. पण भूदास असताना ते जेवढी कसत होते त्यातला सुमारे पाचवा हिस्सा जमीनदारांनी कापून घेतला, आणि कापला तो नेमका गावकुरणाचा, पाणवठ्याकडे जाणाऱ्या वाटेचा, सरपणाच्या झाडीचा. ते परत हवं तर पुन्हा खंड, पुन्हा वेठ. काहींनी हप्त्यांच्या धास्तीने नेमून दिलेल्या जमिनीचा फक्त चौथा भाग फुकट घेऊन सुटका करून घेतली. आणि घरगड्यांना, म्हणजे स्वयंपाकी, मोतद्दार, दाया अशा चौदा-पंधरा लाख माणसांना, गुंठाभरही मिळाली नाही.

दोन्ही कायद्यांच्या लांबीची तुलना करायचा मोह आवरत नाही. अमेरिकेची तेरावी दुरुस्ती मूळ इंग्रजीत ४३ शब्दांची आहे. रशियाचे नियम साडेतीनशेहून अधिक पानांचे, आणि वाचणारे बहुतेक निरक्षर. १९ फेब्रुवारीला (रशियाचं पंचांग तेव्हा बारा दिवस मागे होतं) सही झालेला जाहीरनामा दोन आठवडे दडवून ठेवला आणि उपवासाचा पर्वकाळ सुरू होताना चर्चमधून वाचून दाखवला. त्या दिवसांत लोक दारूपासून लांब असतात, असा सरकारचा होरा. मॉस्कोचे धर्मगुरू फिलारेत यांनी तो अशा जडजंबाल भाषेत लिहिला होता, की ऐकणाऱ्यांना एवढंच कळलं: दोन वर्षं सगळं आहे तसंच. लोकांचा विश्वास बसेना. खरा कागद जमीनदारांनी लपवलाय, अशी वदंता उठली. कझान प्रांतातल्या बेझ्द्ना गावात अंतोन पेत्रोव्ह या अर्धवट साक्षर शेतकऱ्याने नियमांची पानं उलटून त्यातून पूर्ण स्वातंत्र्य काढून दाखवलं. आसपासचे हजारो लोक त्याच्या घराभोवती जमले. सैन्याने गोळ्या झाडल्या. सरकारी अहवालातच पन्नासाहून जास्त मेले. पेत्रोव्हला त्याच महिन्यात गोळी घालण्यात आली. गुन्हा म्हणाल, तर कायदा वाचणं.

अमेरिकेत ४३ शब्दांमुळे गोंधळ झाला नाही, पण त्या ४३ शब्दांत जमिनीबद्दल एकही नाही. जानेवारी १८६५ मध्ये जनरल शर्मन यांनी समुद्रकाठची चार लाख एकर जमीन मुक्त गुलामांसाठी राखली, कुटुंबाला चाळीस एकर. चाळीसने भागा: दहा हजार कुटुंबं, चाळीस लाख माणसांच्या देशात. रशियातल्या शेतकऱ्यांकडे गेलेली जमीन याच्या सव्वादोनशे पट होती. सुमारे चाळीस हजार माणसं तिथे वसली, पेरण्या झाल्या, आणि लिंकन यांच्या खुनानंतर आलेल्या अँड्र्यू जॉन्सन यांनी वर्ष संपायच्या आत ती जमीन जुन्या मालकांना परत केली. मग उरला तो अर्धेलीचा धंदा: जमीन मालकाची, बियाणं दुकानातून उधारीवर, पीक निघालं की आधी उधारी, मग मालकाचा वाटा, मग शून्य. तेराव्या दुरुस्तीत गुन्ह्याची शिक्षा म्हणून सक्तमजुरीला मुभा ठेवली होती. दक्षिणेतल्या राज्यांनी भटकण्याचा, बेकार असण्याचा गुन्हा केला आणि कैदी ठेकेदारांना भाड्याने दिले.

मालकांना मात्र अमेरिकेने एका बाबतीत रशियापेक्षा कडक वागवलं. चौदाव्या घटनादुरुस्तीच्या चौथ्या कलमाने सुटलेल्या गुलामांबद्दल कुणालाही, कधीही, एक डॉलरही भरपाई देण्यास बंदी घातली. साडेतीन अब्ज डॉलरची मालमत्ता एका ओळीने शून्य. जगाच्या इतिहासात मालमत्तेच्या हक्काला इतका मोठा घाव तोवर क्वचितच बसला असेल. ब्रिटनने १८३० च्या दशकात आपल्या वसाहतींतल्या मालकांना दोन कोटी पौंड भरपाई दिली होती, रशियाने रोखे दिले. अमेरिकेने युद्ध हरलेल्यांना काहीच दिलं नाही. अर्थात जिंकवून देणाऱ्या काळ्यांनाही दिलं नाही.

या युद्धाचे शिंतोडे मुंबईपर्यंत उडाले. लँकेशायरच्या गिरण्यांना लागणारा तीन-चतुर्थांशाहून जास्त कापूस अमेरिकेच्या दक्षिणेतून येत होता. उत्तरेच्या आरमाराने तिथली बंदरं कोंडताच वऱ्हाड, खानदेश, गुजरातच्या कापसाला सोन्याचा भाव आला आणि प्रेमचंद रायचंद या व्यापाऱ्याच्या काळातला शेअरांचा सट्टा मुंबईत मातला. १८६५ मध्ये ली शरण गेले आणि भाव कोसळले. बँका बुडाल्या, समुद्र हटवून जमीन काढणाऱ्या कंपन्यांचे शेअर रद्दी झाले. ८,१६,५६२ ची मुंबई १८७२ मध्ये ६,४४,४०५ वर आली. जॉर्जियातला गुलाम सुटला म्हणून गिरगावात दिवाळं वाजलं, असं म्हणणं थोडं ताणलेलं आहे, पण फार नाही.

त्यानंतर वर्षभरातच, १८७३ मध्ये, पुण्यात जोतीराव फुल्यांनी 'गुलामगिरी' प्रसिद्ध केली आणि ती अमेरिकेतल्या गुलामांच्या मुक्तीसाठी झटलेल्या तिथल्या सज्जनांना अर्पण केली. त्या क्षणी अमेरिकेकडे बघून उमेद वाटावी असंच चित्र होतं: काळे लोक मतदान करत होते, मिसिसिपीतून हायरम रेव्हल्स सिनेटमध्ये जाऊन आले होते. चारच वर्षांत, १८७७ मध्ये, उत्तरेने दक्षिणेतलं सैन्य काढून घेतलं. लुइझियानात १८९६ मध्ये १,३०,३३४ काळे मतदार नोंदलेले होते. १९०४ मध्ये उरले १,३४२.

रशियाचे हप्ते चालू राहिले. थकले, वाढले, कमी केले गेले, पुन्हा थकले. ते वैयक्तिक नव्हतेच. गावाने मिळून भरायचे, म्हणून गाव कुणाला बाहेर जाऊ देईना. जे शेतकरी सक्तीने १८८३ मध्ये योजनेत ओढले गेले, त्यांचा शेवटचा हप्ता नियमाप्रमाणे १९३२ मध्ये पडला असता, म्हणजे स्टालिन त्यांच्या नातवंडांची जमीन सामुदायिक शेतीत ओढत होता त्या वर्षांत. तोवर जावं लागलं नाही. १९०५ च्या क्रांतीत खेडी पेटल्यावर सरकारने हप्ते आधी निम्मे केले आणि १ जानेवारी १९०७ पासून रद्द केले. तोपर्यंत ५४.४ कोटींच्या जमिनीसाठी दीड अब्जाहून जास्त रुबल भरून झाले होते. सही करणारा झार १८८१ मध्येच बॉम्बने मेला होता. त्याआधी त्याने १८६७ मध्ये अलास्का अमेरिकेला ७२ लाख डॉलरना विकला. लिंकन यांच्या हिशेबाने साडेतीन दिवसांच्या युद्धाचा खर्च.

मालकाचं नुकसान, सरकारचं कर्ज, जमिनीचा भाव, युद्धाचा रोजचा खर्च, सगळ्यांसाठी या दोन वह्यांत रकाने आहेत. पिढ्यान्‌पिढ्या राबणाऱ्यांच्या न दिलेल्या मजुरीसाठी नाही. रशियात तसा दावा कुणी न्यायालयात नेला नाही. अमेरिकेत नेला. टेनेसीत गुलाम म्हणून जन्मलेल्या आणि नॅशव्हिलमध्ये कपडे धुऊन, शिवणकाम करून पोट भरणाऱ्या कॅली हाउस या बाईने माजी गुलामांच्या निवृत्तिवेतनासाठी देशव्यापी संघटना उभी केली. युद्धातल्या सैनिकांना पेन्शन मिळते, मग आम्हाला का नाही, हा तिचा प्रश्न. आणि तो हवेतला नव्हता, कारण १८९० च्या दशकात केंद्र सरकारच्या महसुलाचा फार मोठा वाटा सैनिकांच्या पेन्शनवरच जात होता. १९१५ मध्ये संघटनेच्या वतीने थेट अमेरिकेच्या खजिन्यावर दावा लागला. युद्धाच्या काळात आणि नंतर सरकारने कापसावर जो कर गोळा केला तो आमच्या श्रमाचा आहे, तो द्या. रक्कम ६,८०,७३,३८८ डॉलर ९९ सेंट.

सरकारवर सरकारच्या परवानगीशिवाय दावा लावता येत नाही, असं सांगून न्यायालयाने तो फेटाळला. दोन वर्षांनी टपालातून फसवणूक केल्याच्या आरोपाखाली कॅली हाउसला तुरुंगात टाकलं. गरीब लोकांकडून मिळण्याची शक्यता नसलेल्या पेन्शनसाठी ती वर्गणी गोळा करते, असा सरकारी वकिलांचा मुद्दा होता. सैनिकांच्या वारसांची पेन्शन चालूच राहिली. यादवी युद्धात लढलेल्या एका सैनिकाच्या मुलीला अमेरिकन सरकार दरमहा ७३ डॉलर १३ सेंट २०२० पर्यंत देत होतं.